निळी बोटे, गुलाबी फिल्म : पिंपरी-चाकण पट्ट्यातील स्पर्शाच्या मोजमापाचा इतिहास

चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना १६६० सालचा संग्रामदुर्ग आठवतो. शायिस्ताखानाचा वेढा, फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळपास दोन महिने दिलेली झुंज आणि अखेर सुरुंगाने उडालेला बुरूज. त्या लढाईच्या नोंदी बखरींत आहेत, फारसी साधनांतही आहेत. त्याच चाकणपासून पिंपरी-चिंचवडपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत घडलेला एक इतिहास मात्र जवळजवळ नोंदीविना राहिला. त्याचे कारण साधे आहे. त्याचे मुख्य साधन रोज चिंधीने पुसून टाकले जात असे.

हे साधन म्हणजे निळा रंग. टूलरूममध्ये काम केलेल्या कोणत्याही जुन्या फिटरला विचारावे, बोटांच्या पेरांत आणि नखांच्या कडांत बसलेला, साबणाने न जाणारा तो गडद निळा त्याला लगेच आठवेल. हा धागा त्या निळ्या रंगाचा आहे, आणि त्याच्या शेजारी येऊन बसलेल्या, दाबाने गुलाबी-लाल होणाऱ्या एका पातळ फिल्मचाही.

मूळ प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. दोन वस्तू एकमेकींवर ठेवल्या, तर त्या नेमक्या कुठे टेकतात? आणि टेकतात तिथे किती जोराने? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला शेकडो वर्षे लागली, दुसऱ्याचे उत्तर अगदी अलीकडचे आहे. अडचण अशी की, स्पर्श जिथे होतो ती जागा त्या स्पर्शानेच झाकली जाते. वस्तू उचलून पाहावी, तर स्पर्श संपलेला असतो. म्हणून स्पर्श मोजायचा, तर त्याने मागे काहीतरी खूण ठेवली पाहिजे. या विषयाचा सगळा इतिहास अशी खूण मिळवण्याच्या खटपटीचा आहे.

जुनी युक्ती रंगाची. एका पृष्ठभागावर तेलात कालवलेल्या रंगाचा अतिशय पातळ थर द्यायचा, दुसरा पृष्ठभाग त्यावर टेकवून किंचित सरकवायचा आणि उचलायचा. जिथे उंचवटा असेल तिथे रंग लागतो, खळग्यात लागत नाही. मग रंग लागलेले उंचवटे स्क्रेपरने, म्हणजे धारदार हत्याराने, खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा स्पर्श, पुन्हा खरवडणे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे खऱ्या सपाट पृष्ठभागांवरचा आपला निबंध मांडला, तेव्हा त्याने या कामाला शिस्त घातली. त्यातील तर्क सुंदर आहे. दोन पाट एकमेकांशी तंतोतंत जुळले, तरी ते सपाट असतील असे नाही. एक पोटाकडे फुगलेला आणि दुसरा तेवढाच खोलगट असू शकतो. तीन पाट आलटून पालटून एकमेकांशी जुळवले आणि तिन्ही जुळले, तरच ते सपाट. कोणतीही मोजपट्टी न वापरता, निव्वळ स्पर्शाच्या साक्षीने सपाटपणा निर्माण करण्याची ही रीत होती. जगातल्या सगळ्या अचूक यंत्रांचा पाया या पाटांवर उभा राहिला.

रंग म्हणून पुढे सर्वत्र रूढ झाला तो प्रशियन ब्लू. हा रंग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी, लाल रंग बनवण्याच्या खटपटीत, योगायोगाने सापडला होता. चित्रकारांचा हा रंग फिटरांच्या कामी आला, कारण त्याचे कण अत्यंत बारीक असतात आणि अगदी पातळ थरातही तो ठळक दिसतो. त्याच्या जोडीला लाल शिसेभस्मही वापरले जाई. हे म्हणजे मारुतीला चढवतात त्याच जातीचा शेंदूर. शिशाच्या विषारीपणामुळे तो टूलरूममधून हळूहळू गेला, निळा मात्र टिकला.

हे सारे पिंपरीपर्यंत कसे आले?

पिंपरीची ओळख आधी औषधांची होती. १९५४ मध्ये तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या शेतजमिनींवर भूखंडांच्या रेषा पडू लागल्या. १९७० मध्ये येथे नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. या इतिहासातील रंगाच्या कहाणीला कलाटणी देणारे वर्ष मात्र १९६६. त्या वर्षी टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्यात पाय रोवला.

टेल्कोचे सूत्रधार सुमंत मुळगावकर यांचा निर्णय येथे नीट समजून घ्यायला हवा. जमशेदपूरला कंपनी १९५४ पासून डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवत होती, आणि तो करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपल्यावर काय? ट्रकचे रेखाचित्र हाती असले, तरी ट्रक घडवणारी यंत्रे आणि पत्र्याला आकार देणारे डाय परदेशातून आणावे लागत आणि त्यासाठी लागणारे परकी चलन देशात नव्हते. मुळगावकरांनी पुण्यात सुरुवात केली ती वाहनापासून नव्हे, तर यंत्रे आणि साचे बनवण्यापासून आणि ती बनवू शकतील अशी माणसे घडवण्यापासून. पुण्याच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये. म्हणजे मधली अकरा वर्षे पिंपरीत मुख्यतः ट्रकच्या आधीचा ट्रक घडत होता. त्याची यंत्रे, जिग, फिक्श्चर, डाय, आणि अ‍ॅप्रेंटिस मुलांचे हात. भारतीय उद्योगाच्या इतिहासात ‘पहिले वाहन कधी निघाले’ हीच तारीख मोजण्याची सवय आहे. त्या सवयीने ही अकरा वर्षे दिसेनाशी होतात, आणि ती खरे तर सगळ्यांत महत्त्वाची आहेत.

या अकरा वर्षांत सातारा, सांगली, सोलापूर, नगर आणि मराठवाड्यातून आलेली मुले आयटीआय आणि अ‍ॅप्रेंटिस शाळांतून टूलरूममध्ये शिरली. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने उमेदवारीला चौकट दिली होती. पहिला धडा कानशीचा. लोखंडाचा ठोकळा दिवसेंदिवस घासायचा, काटकोन्याने पाहायचा, सरफेस प्लेटवर निळ्याने तपासायचा. मुलगा शिकतो ती गोष्ट पुस्तकात मावत नाही. निळा किती लावायचा? जास्त लावला तर खळग्यांतही लागतो आणि पृष्ठभाग आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. कमी लावला तर खरे उंचवटेही लपतात. जुने फिटर बोटाच्या टोकाने निळा पसरत, ते याचसाठी. थराची जाडी मोजणारे त्यांच्याजवळचे सर्वांत नाजूक उपकरण म्हणजे त्यांची त्वचा होती.

डायचे काम याहून अवघड. ट्रकच्या केबिनचा किंवा मडगार्डचा पत्रा दोन प्रचंड लोखंडी साच्यांच्या मध्ये दाबला जातो. खालचा आणि वरचा साचा यंत्रावर कापला गेला, तरी तो शेवटचा नसतो. स्पॉटिंग प्रेसमध्ये एका भागाला निळा लावून दोन्ही साचे हळूच मिटवतात, उघडतात आणि मग माणसे आत वाकून निळे ठिपके ग्राइंडरने, दगडाने उतरवत बसतात. पुन्हा मिटवणे, पुन्हा उघडणे. एका मोठ्या डायसाठी हे आठवडेच्या आठवडे चालते. पत्रा कडेने कुठे घट्ट धरला जातो आणि कुठे सैल, यावर तो फाटणार की सुरकुतणार हे ठरते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. निळा रंग ‘कुठे’ एवढेच सांगतो, ‘किती’ ते सांगत नाही, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. मुरलेल्या फिटरला निळ्यातून जोरही वाचता येत असे. हलका स्पर्श झालेल्या जागी सलग निळा डाग उमटतो. जोराचा स्पर्श झालेल्या जागी रंग मधून पिळून बाहेर जातो. मध्ये चकचकीत उघडे लोखंड आणि भोवती गडद निळे कडे, चंद्राला खळे पडावे तसे. फिटर आधी कड्यांवर हत्यार चालवी आणि नंतर डागांवर. म्हणजे दाबाचे वाचन होतच होते. फक्त ते डोळ्यात होत असे आणि पुढच्या फेरीआधी चिंधीने पुसले जाई. त्याचा आकडा नव्हता, कागद नव्हता, आणि वाचणाऱ्याचे नावही कुठे लिहिले जात नव्हते.

दाबाचा आकडा गणिताने काढण्याची वाट मात्र त्याआधीच सापडलेली होती. ती बर्लिनच्याच एका तेविशीतल्या तरुणाने शोधली होती. हाइन्रिश हर्ट्झ तेव्हा हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. काचेची दोन भिंगे एकमेकांवर दाबली की मध्ये रंगीत वलये दिसतात. भिंगे दाबाने किंचित चपटी होत असतील, तर वलयांवर त्याचा काय परिणाम होईल, असा प्रश्न त्याला पडला. त्याने सोडवलेले गणित १८८१ मध्ये बर्लिनच्या भौतिकी मंडळापुढे आले. विद्युतचुंबकीय लहरींमुळे त्याचे नाव झाले ते पुढे. बॉलबेअरिंगमधील गोळी आणि तिची वाट यांच्यातील दाब आजही याच गणिताने काढतात. पण हे गणित गुळगुळीत, साध्या आकाराच्या वस्तूंना लागू पडते. खरे पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली सह्याद्रीसारखे असतात. दोन सह्याद्री एकमेकांवर पालथे घातले, तर टेकतील ती काही शिखरे. त्यांतल्या प्रत्येकाचे गणित मांडणे अशक्य. तेव्हा पुन्हा खुणेकडेच यावे लागते, फक्त आता खूण अशी हवी की तिच्या गडदपणावरून जोर वाचता येईल.

अशी खूण कारखान्यात जन्मली नाही. ती पावतीपुस्तकात जन्मली.

किराणा दुकानात किंवा गॅरेजमध्ये मिळणारे बिलबुक पाहा. वरच्या पानावर लिहिले की मध्ये कार्बन नसतानाही खालच्या पानावर अक्षरे उमटतात. हा कागद अमेरिकेतील डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर या गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत, लोवेल श्लायखर आणि बॅरेट ग्रीन या रसायनशास्त्रज्ञांनी घडवला आणि तो १९५४ च्या सुमारास बाजारात आला. वरच्या पानाच्या मागच्या बाजूला डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत तेलात विरघळवलेला एक रंगहीन पदार्थ. खालच्या पानावर आम्लधर्मी मातीचा थर. पेनाच्या टोकाने कुपी फुटते, आतला द्रव मातीला भिडतो, रेणूची रचना उघडते आणि रंग प्रकटतो. कुपी फुटण्यासाठी जोर लागतो, ही येथली कळीची बाब. नुसता स्पर्श पुरत नाही. निळ्या रंगाशी असलेला मूलभूत फरक हाच. निळा चिकटतो, कुपी फुटते.

या कुप्यांचा दाब मोजण्यासाठी झालेला एक आरंभीचा उपयोग यंत्रांसाठी नव्हता, आणि त्याचा धागा भारतातून जातो. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, दक्षिणेतील कोल्ली डोंगरात मिशनरी कुटुंबातला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करू लागले. कुष्ठरोगात बोटे झडतात असा समज शतकानुशतके होता. ब्रँड यांच्या निरीक्षणातून दिसले ते वेगळेच. रोगाने मज्जातंतू मरतात, वेदना जाते, आणि वेदना नसलेला माणूस जखमी पायावर तसाच चालत राहतो. आपल्याला पाय दुखला की आपण नकळत लंगडतो आणि दाब दुसरीकडे वळवतो. कुष्ठरुग्णाला ती सोय उरत नाही. दाब कुठे पडतो आहे हे त्याचे शरीर त्याला सांगतच नाही.

मग ते दुसऱ्या कशाने तरी सांगायला हवे. ब्रँड १९६० च्या दशकात अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रंगाच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजे तयार केले. रुग्णाने ते घालून, वर बूट चढवून काही पावले चालायचे. मोजे काढल्यावर जिथे दाब जास्त, तिथे रंग गडद. संवेदना गेलेल्या हातापायांसाठीच्या अशा दाबदर्शक साधनांवरील त्यांचा निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला वेल्लोरच्या कामातूनच पुढे आल्या आणि महाराष्ट्रातील कुष्ठरुग्णांच्या पायांतही त्या दिसू लागल्या. त्या चपलेमागचा विचार हाच, की एका ठिकाणी एकवटलेला दाब तळव्यावर पसरवायचा. स्पर्शाचा दाब हा फक्त इंजिनिअरांचा विषय नाही, याचे इतके थेट उदाहरण दुसरे सापडणार नाही.

१९७७ मध्ये जपानच्या फुजी कंपनीने ‘प्रीस्केल’ नावाची दाबमापक फिल्म बाजारात आणली. फोटोची फिल्म बनवणाऱ्या या कंपनीकडे पातळ, एकसारखे थर देण्याची कला होतीच. पिंपरीतून टेल्कोचे पहिले वाहन निघाले तेही याच वर्षी. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये. फिल्मची रचना बिलबुकासारखीच आहे. दोन पापुद्रे, एकावर कुप्या आणि दुसऱ्यावर रंग उमटवणारा थर, आणि दोन्ही खरखरीत बाजू समोरासमोर. मात्र कुप्यांचे आकार आणि त्यांच्या भिंतींची ताकद मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते. थोड्या दाबाला नाजूक कुप्या फुटतात, जास्त दाबाला भक्कमही फुटतात. त्यामुळे फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंत छटा मिळतात. छटेची तुलना नमुन्याच्या तक्त्याशी करायची, किंवा स्कॅन करून संगणकाकडून आकडे काढायचे.

एकच फिल्म सगळ्या दाबांना चालत नाही, म्हणून श्रेणी आहेत. सर्वांत जड श्रेणी ३०० मेगापास्कलपर्यंत जाते, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे तीन टन. सर्वांत हलकी श्रेणी ०.००६ मेगापास्कलपासून सुरू होऊन ०.०५ ला संपते. ०.००६ मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर जेमतेम साठ ग्रॅम. दोन्ही टोकांत पन्नास हजार पटींचे अंतर आहे. साठ किलोचा माणूस दोन्ही तळव्यांवर शांत उभा असेल, तर त्याचा सरासरी दाब याच हलक्या श्रेणीच्या मध्ये कुठेतरी बसतो. इतका क्षीण दाब मोजावासा का वाटावा?

याचे उत्तर पिंपरीकडून चाकणकडे सरकलेल्या इतिहासात आहे.

ट्रकचा काळ मुख्यतः लोखंडावर लोखंडाचा होता. गिअर गिअरला, साचा साच्याला, बेअरिंग शाफ्टला. तेथे दाब मोठे होते आणि निळा रंग पुरेसा होता. नव्वदीच्या दशकात चित्र पालटले. १९९५ पासून मर्सिडीजच्या गाड्या टेल्कोच्याच पिंपरीच्या आवारात जुळवल्या जाऊ लागल्या. १९९८ मध्ये इंडिका आली. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, आणि मर्सिडीजही त्याच वर्षी चाकणला गेली. महिंद्र पाठोपाठ आले. ट्रक विकत घेणारा मालक आवाज, गळती, धूळ निमूट सोसत असे. कारचा गिऱ्हाईक दार बंद होतानाचा आवाजसुद्धा ऐकून पाहतो.

दाराच्या भोवती रबराची पोकळ पट्टी असते. ती चौकटीवर फार घट्ट बसली, तर दार आपटावे लागते. फार सैल बसली, तर पाऊस आत येतो. खंडाळ्याच्या घाटात जुलैमध्ये काचेवरून फिरणारा वायपर पाहा. त्याच्या रबराची कड काचेला टोकापासून टोकापर्यंत सारख्याच हलक्या जोराने टेकली पाहिजे. मध्ये कुठे जोर कमी पडला, तर नेमका तेथेच पाण्याचा पट्टा राहतो, आणि तो बहुधा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर असतो. हेडलाइटचे गॅस्केट, चिकटवलेल्या काचा, फोमच्या पट्ट्या, विजेवरच्या गाडीच्या बॅटरीतून उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ गाद्या, या सगळ्यांचे काम क्षीण पण एकसारख्या दाबावर चालते.

आणि येथेच निळा हात टेकतो. रबरावर, फोमवर, काचेवर निळा लावला, की तो नुसत्या स्पर्शानेच सगळीकडे लागतो. साठ ग्रॅमने टेकलेली जागा आणि सहाशे ग्रॅमने टेकलेली जागा सारखीच निळी. लोखंडावर दिसणारे ते चकचकीत खळे मऊ वस्तूवर पडतच नाही. चाळीस वर्षे मुरलेला फिटरही तेथे निरक्षर ठरतो. दोष त्याच्या डोळ्याचा नसतो, मजकूरच उमटलेला नसतो. दाराच्या पट्टीत फिल्मचे तुकडे ठेवून दार एकदा बंद करून उघडले, तर मात्र चारही बाजूंचा हिशेब गुलाबी रंगात समोर येतो. कुठे बिजागरीकडे गडद, कुठे वरच्या कोपऱ्यात कोरा.

फिल्मची भलावण करताना तिच्या खोडीही सांगितल्या पाहिजेत, कारण जाहिरातपत्रकांत त्या बारीक अक्षरांत असतात. ती एकदाच वापरता येते, आणि महाग असते. ती त्या जागेवर आलेला सर्वाधिक दाब नोंदवते, तो कधी आला आणि किती काळ टिकला ते सांगत नाही. पृष्ठभाग सरकले तर कुप्या घासून फुटतात आणि खोटा रंग येतो. दोन दिशांनी वळलेल्या आकारावर तिला सुरकुत्या पडतात, आणि सुरकुतीही रंगते. हलक्या श्रेणीची फिल्म तर इतकी हळवी असते की कापताना अंगठा टेकला तरी ठसा उमटतो. तापमान आणि आर्द्रता बदलली की त्याच दाबाला छटा बदलते, म्हणून सोबत दुरुस्तीचा तक्ता येतो. चाकणचा मे महिना आणि चाकणचा जुलै यांत एकाच दाराचे दोन वेगळे निकाल नको असतील, तर आधी खोलीतला तापमापक वाचावा लागतो. शिवाय दोन पापुद्र्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या दोन दशांशांच्या आसपास भरते. रबराच्या पट्टीत ती खपून जाते. डायच्या दोन लोखंडी अंगांत, जिथे शतांश मिलिमीटरचे भांडण असते, तिथे फिल्म स्वतःच पाचर होऊन बसते. तेथे निळ्याचा काही हजारांश मिलिमीटरचा थर आजही सरस आहे, आणि स्पॉटिंग प्रेसवरून तो हटलेला नाही. एकाने दुसऱ्याला संपवले, ही कथा म्हणूनच येथे लागू पडत नाही. १९८७ नंतर दाबाचे आकडे थेट संगणकाला देणारे विद्युत्-संवेदी पातळ पडदेही आले. पण ते आले म्हणून फिल्म गेली नाही.

खरा पालट दुसराच झाला, आणि तो रसायनापेक्षा कागदाशी संबंधित आहे. नव्वदीच्या दशकात वाहन उद्योगात गुणवत्तेची प्रमाणपत्रे आली. आयएसओ ९००० ची मालिका १९८७ ची, वाहन उद्योगासाठीचे क्यूएस ९००० १९९४ चे आणि टीएस १६९४९ १९९९ चे. भोसरीतल्या दहा माणसांच्या वर्कशॉपलाही आता ‘भाग चांगला आहे’ एवढे म्हणून चालेना. तो चांगला असल्याचा पुरावा फाइलमध्ये लागला. फिटरची नजर फाइलला जोडता येत नाही. गुलाबी डागांची फिल्म किंवा तिचे स्कॅन अहवालाला जोडता येते, त्यावर तारीख घालता येते, सही करता येते, आणि वाद झाला तर तो तुकडा टेबलावर ठेवता येतो. पूर्वी ‘हा साचा बसला’ असे सांगण्याचा अधिकार ज्याच्या बोटांना निळे लागले होते त्याचा होता. आता तो अहवाल वाचणाऱ्याकडे सरकला. तरीही फिल्मवर डाग दिसला म्हणजे तो का पडला हे समजत नाही. बिजागरी वाकडी, रबर कडक, की चौकटच पिळलेली, हे ओळखायला पुन्हा तोच फिटर बोलवावा लागतो. त्याचे म्हणणे अहवालात सहसा ‘योग्य ती दुरुस्ती केली’ एवढ्या चार शब्दांत येते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटेल की, निदान आता तरी साधने जमा होत आहेत. निळा पुसला गेला, फिल्म तर राहील. पण फिल्मचा रंगही उजेडात आणि काळासोबत बदलत जातो, म्हणून वापरल्यानंतर लवकर स्कॅन करण्याचा सल्ला दिला जातो. आणि स्कॅनचेही आयुष्य ठरलेले असते. सुट्या भागांच्या मंजुरीच्या कागदपत्रांबाबत वाहन उद्योगात रूढ झालेला नियम असा आहे, की तो भाग जितका काळ उत्पादनात असेल तितका काळ आणि त्यापुढे आणखी एक कॅलेंडर वर्ष नोंदी ठेवायच्या. त्यानंतर त्या रद्दीत देता येतात. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. या हिशेबाने केवळ तिच्यासाठीच बनणाऱ्या भागांच्या नोंदी सांभाळण्याची मुदत २०१९ च्या अखेरीस संपली.